पोर्ट्रेट कोणाला दाखवावे, काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तरातून पुढचे छायाचित्र कसे सुधारावे

पोर्ट्रेट काढणाऱ्याला स्वतःचे छायाचित्र इतरांइतके स्वच्छ दिसत नाही. ते पाहताना त्याला त्या वेळचे सगळे आठवत असते: समोरची व्यक्ती काय बोलत होती, कशामुळे हसली, तो नेमका क्षण हाती लागावा म्हणून किती वेळ थांबावे लागले. ही आठवण छायाचित्रातल्या उणिवा नकळत भरून काढते. पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र फक्त चौकटीत आहे तेवढेच येते, आणि म्हणून नवशिक्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज नव्या लेन्सपेक्षा कितीतरी आधी लागते.

मी शिकायला सुरुवात केली तेव्हा मावशीचे खिडकीजवळ एक पोर्ट्रेट काढले होते. मांडीवर उघडे पुस्तक, चष्मा कपाळावर सरकवलेला, ओठांवर हलके हसू. ज्यांना दाखवले त्यांपैकी बहुतेकांनी ‘छान’, ‘सुंदर’ म्हटले. मला बरे वाटले, पण शिकायला काहीच मिळाले नाही. एका परिचितांनी मात्र बराच वेळ पाहून म्हटले, “मावशी हसत आहेत, पण डोळे विझल्यासारखे वाटतात.” छायाचित्र मोठे करून पाहिले, तर दोन्ही बुबुळे सलग काळी होती आणि त्यांत प्रकाशाचा एकही ठिपका नव्हता. खिडकी मावशीच्या खांद्याच्या किंचित मागे राहिली होती, त्यामुळे उजेड गालाच्या कडेवर पडत होता, पण खिडकीचे प्रतिबिंब डोळ्यांत उमटत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच खुर्ची खिडकीकडे थोडी फिरवली, बाकी काहीही बदलले नाही. या वेळी प्रत्येक बुबुळाच्या वरच्या कडेला एक छोटा चौकोन चमकला, इतका स्पष्ट की मोठे केल्यावर त्यात खिडकीचा मधला गजसुद्धा दिसत होता. छायाचित्रकार ज्याला कॅचलाइट म्हणतात तो मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

या प्रसंगात शिकण्याची सगळी पद्धत आहे. कोणीतरी परिणाम सांगितला, मी त्यामागचे कारण शोधले, एकच गोष्ट बदलली आणि तेच छायाचित्र पुन्हा काढले. यातली एकही पायरी गळली, तर प्रतिक्रिया कितीही मिळाल्या तरी हात सुधारत नाही.

आधी परिस्थिती स्थिर करावी

दर वेळी नवी व्यक्ती, नवी जागा आणि नवा प्रकाश असेल, तर एखादे छायाचित्र कशामुळे चांगले आले किंवा कशामुळे फसले हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून पहिले काही आठवडे एक सहनशील व्यक्ती, एक खिडकी आणि एकच लेन्स एवढ्यावरच काम करावे. ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तम. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स) असेल तर ती ५० मिलिमीटरच्या आसपास ठेवून झूमला हात लावू नये. फोन वापरत असाल, तर फोनमध्ये वेगळा टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारा) कॅमेरा असल्यास तो निवडावा.

अंतराचा मुद्दा नवशिक्यांच्या लक्षात सर्वांत उशिरा येतो, म्हणून तो हिशेबासह सांगतो. नाकाचे टोक आणि कान यांच्यात पुढून मागे साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर असते असे धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर कान ५२ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक सुमारे ३० टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. चेहऱ्याचे प्रमाण बिघडते ते जवळ गेल्यामुळे; रुंद लेन्सने चौकट भरायची तर जवळ जावेच लागते, म्हणून दोष लेन्सच्या नावावर जमा होतो. सुरुवातीला दीड ते दोन मीटरचे अंतर कायम ठेवावे.

सेटिंगही ठरवून घ्यावे. अॅपर्चर (लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ २.८ ते एफ ४, शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो आणि फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. पार्श्वभूमी खूप धूसर करणाऱ्या एफ १.८ चा मोह सर्वांनाच होतो, पण फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दीड मीटरवरून छायाचित्र काढले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचा असतो. चेहरा थोडा तिरका असला की एक डोळा त्या पट्ट्याबाहेर जातो. हात बसेपर्यंत एवढी जोखीम घेण्यात काही हशील नाही.

दुसऱ्याला दाखवण्यापूर्वी स्वतः तपासावे

जे दोष आपल्यालाच सापडू शकतात त्यांवर दुसऱ्याचा वेळ खर्च करणे योग्य नाही. छायाचित्र काढल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे आठवणीचा रंग थोडा उतरतो. मग १०० टक्के मोठे करून फक्त डोळे पाहावेत आणि पापण्यांचे केस सुटे दिसतात का हे तपासावे. नंतर उलट टोकाला जाऊन तेच छायाचित्र तिकिटाएवढे लहान करावे. एवढ्या आकारातही नजर चेहऱ्यावर जात असेल, तर रचना मजबूत आहे असे समजावे. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा बोट फिरवावे, कारण अर्धवट कापलेले बोट, कोपऱ्यात घुसलेली पिशवी किंवा डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब यांपैकी काहीतरी तिथे सापडतेच. शेवटी छायाचित्र तात्पुरते कृष्णधवल करून पाहावे; रंग गेल्यावर प्रकाशाची खरी घडण उघडी पडते.

किती आणि कोणती छायाचित्रे दाखवावीत

एका वेळी एक, फार तर तीन. बारा छायाचित्रे पुढे ठेवली की पाहणारा “मला हे आवडले” म्हणून मोकळा होतो आणि कारण सांगायची वेळच येत नाही.

याला एक अपवाद आहे. विश्वासातला अनुभवी छायाचित्रकार भेटला, तर त्याला एकाच बैठकीतली सगळी छायाचित्रे काढलेल्या क्रमाने, फसलेल्यांसकट दाखवावीत. निवडलेल्या छायाचित्रातून आपली आवड कळते, पण आपण समोरच्या व्यक्तीभोवती कसे वावरलो, कुठे घाईने थांबलो, कुठला क्षण हातातून निसटला हे सगळ्या क्रमातूनच दिसते. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात शेतमजूर मातेचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र काढले, त्याच्या बैठकीतली इतर छायाचित्रेही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली की तंबूपासून दूर सुरू झालेली चौकट हळूहळू आईच्या चेहऱ्यापर्यंत कशी येते हे दिसते. आपल्या क्रमातही अशी वाटचाल आहे की एकाच जागी उभे राहून पन्नास वेळा बटण दाबले आहे, हे अनुभवी नजर चटकन ओळखते.

छायाचित्रातल्या व्यक्तीची परवानगी मात्र त्याआधी घ्यावी, आणि ती लहान असेल तर पालकांची. “शिकण्यासाठी मी हे दोघातिघांना दाखवणार आहे” एवढे स्पष्ट सांगितले की पुरते. फसलेली छायाचित्रे दाखवणार असाल तर तेही सांगावे.

कोणाला विचारावे

प्रतिक्रिया देणारे तीन प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिली स्वतः छायाचित्रातली व्यक्ती. तिला बसताना कसे वाटले, कुठे अवघडल्यासारखे झाले, आपल्या कोणत्या सूचनेचा अर्थ कळला नाही, हे फक्त तीच सांगू शकते. पण स्वतःचा चेहरा चांगला दिसतो की नाही या बाबतीत तिचे मत सांभाळून घ्यावे लागते. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे डावे-उजवे उलटलेले पाहतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात स्त्रियांना स्वतःच्याच चेहऱ्याची सरळ आणि आरशासारखी उलट अशी दोन छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांचा कल उलट प्रतिमेकडे दिसला, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा कल सरळ छायाचित्राकडे. म्हणून “यात मी मी वाटत नाही” हे ऐकून लगेच खचून जाऊ नये. तेच छायाचित्र आरशासारखे डावे-उजवे उलटवून तिला पुन्हा दाखवावे. तरीही खटकले, तर कारण प्रकाशात किंवा हावभावात शोधावे.

दुसरा अनुभवी छायाचित्रकार. त्याला कारणे कळतात, पण तो कधी कधी आपल्या छायाचित्रात स्वतःचे छायाचित्र पाहू लागतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा कॅमेऱ्याशी काही संबंध नसलेला माणूस, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी हाच सर्वांत मोलाचा. त्याला अॅपर्चर ठाऊक नसते, त्यामुळे तो दिसते तेच सांगतो. “तुमची नजर सर्वांत आधी कुठे गेली?” या प्रश्नाचे त्याचे उत्तर बहुधा खरे असते.

प्रश्न कसा विचारावा

“कसे आहे?” असे विचारले की “छान आहे” असेच उत्तर येणार, कारण प्रश्नातूनच आपण कौतुक मागत असतो. त्याऐवजी असे विचारावे: “या माणसाचा स्वभाव कसा असेल असे वाटते?”, “चेहऱ्यानंतर नजर कुठे सरकली?”, “या चौकटीतून एक गोष्ट काढून टाकायची झाली तर कोणती काढाल?”, “या दोन छायाचित्रांत कोणते डोळे जास्त जिवंत वाटतात?” दोन छायाचित्रांची तुलना करायला सांगितले की संकोची माणूसही मोकळेपणाने बोलतो, कारण तुलना करताना कोणाचे मन दुखावल्यासारखे त्याला वाटत नाही.

सर्वसामान्य पाहणाऱ्याला छायाचित्र दाखवताना आधी काहीही सांगू नये, आणि पहिले मिनिटभर गप्प बसावे. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. “उजेड कमी होता”, “ती हलली” ही वाक्ये तोंडातून निघाली की समोरच्याचे डोळे आपल्या बाजूने झुकतात. अनुभवी छायाचित्रकाराला मात्र माहिती द्यावी: काय साधायचे होते, प्रकाश कुठून येत होता, अंतर, अॅपर्चर आणि शटर किती होते, संपादनात काय काय केले. हेतू ठाऊक नसेल तर मुद्दाम ठेवलेली सावलीसुद्धा त्याला चूक वाटू शकते.

परिणामावरून कारण शोधावे

लोक परिणाम सांगतात, आणि तेवढेच त्यांचे काम. त्यामागचे कारण शोधणे आपल्याकडे आहे, आणि खरे शिक्षण इथेच होते, म्हणून या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

“चेहरा सपाट वाटतो” असे कोणी म्हटले, तर प्रकाश समोरून येत होता का हे पाहावे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश किंवा छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीमागची खिडकी चेहऱ्याच्या सगळ्या भागांवर सारखाच उजेड टाकते, त्यामुळे नाक, गालाची हाडे आणि जबडा यांना उठाव देणाऱ्या सावल्याच पडत नाहीत. व्यक्तीला किंवा स्वतःला असे वळवावे, की प्रकाश एका बाजूने साधारण ४५ अंशांतून येईल. प्रकाशापासून दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला, तर रेम्ब्रँट या डच चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी प्रकाशयोजना साधली असे समजावे. सावली फारच गडद वाटली, तर त्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा पांढरी चादर धरावी. सावलीच्या कडा कठोर वाटल्या, तर व्यक्तीला खिडकीच्या अधिक जवळ बसवावे, कारण खिडकी जितकी जवळ तितका चेहऱ्यासाठी प्रकाशाचा स्रोत मोठा आणि सावलीची कड मऊ.

“दमलेला दिसतो”, “डोळे खोल गेलेत” या प्रतिक्रियांचे मूळ बहुधा डोक्यावरच्या प्रकाशात असते. दुपारचे ऊन किंवा छताचा दिवा भुवयांची सावली थेट डोळ्यांत टाकतो. दिवा बंद करून खिडकीकडे यावे; बाहेर असाल तर मोकळ्या सावलीच्या कडेला उभे करून चेहरा उजेडाकडे वळवावा.

“अस्पष्ट आहे” ही तक्रार तीन वेगवेगळ्या दोषांबद्दल असू शकते, आणि त्यांचे उपायही तीन आहेत. छायाचित्र मोठे करून पाहावे. कान किंवा कॉलर स्पष्ट आणि डोळा धूसर असेल, तर फोकस चुकला. फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवावा. कुठलीच जागा स्पष्ट नसेल आणि कडा एका दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात किंवा व्यक्ती हलली. शटर अधिक वेगवान करावे, आयएसओ वाढला तरी चालेल, कारण त्यामुळे येणारे थोडे दाणे खपून जातात पण हललेला डोळा खपत नाही. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर असेल, तर अॅपर्चर जास्त उघडले होते. एफचा आकडा वाढवावा. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये चौथाच प्रकार आढळतो: तिथली धूसरता सॉफ्टवेअर तयार करते, आणि ते केसांच्या बटा किंवा चष्म्याची कड चुकून पार्श्वभूमीत ढकलते. त्या कडा आवर्जून तपासाव्यात.

“त्वचेचा रंग विचित्र आहे” असे ऐकले, तर संपादनाच्या स्लायडरकडे धावण्याआधी जागा आठवावी. खिडकीचा निळसर उजेड आणि घरातल्या दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला असेल, तर कोणताही एक व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे छायाचित्राचे रंग जुळवणारे सेटिंग) दोन्ही गाल एकाच वेळी दुरुस्त करू शकत नाही. एक स्रोत बंद करणे हाच खरा उपाय. हिरवळीवर बसवलेल्या व्यक्तीच्या हनुवटीखाली हिरवट झाक येते, रंगीत भिंतीशेजारी त्या भिंतीची.

“अवघडल्यासारखा वाटतो” ही प्रतिक्रिया सर्वांत जिव्हारी लागते, कारण तिचा रोख आपल्या वागण्यावर असतो. आपण स्क्रीनमध्ये डोके घालून सेटिंग बदलत बसलो की समोरची व्यक्ती एकटी पडते आणि तिचे खांदे वर चढतात. सेटिंग आधीच लावून ठेवावे, बोलत राहावे, आणि “नैसर्गिक राहा” अशा निरर्थक सूचनेऐवजी हाताला काम द्यावे: बाही दुमडा, श्वास सोडा, खिडकीबाहेर पाहा आणि मी हाक मारली की माझ्याकडे वळा. वळल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात चेहरा सर्वांत मोकळा असतो. हनुवटीखालची त्वचा जमा झाल्यासारखी दिसत असेल, तर कपाळ किंचित कॅमेऱ्याकडे आणून हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगावे आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर न्यावा.

कोणती प्रतिक्रिया बाजूला ठेवावी

प्रत्येक मत पाळायला गेलो, तर छायाचित्र कोणाचेच राहत नाही. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयाकडून पहिला कॅमेरा भेट मिळाला. त्यांच्या पोर्ट्रेटमधल्या धूसर फोकसवर आणि काचेच्या निगेटिव्हवरच्या डागांवर त्या काळच्या छायाचित्रण क्षेत्रातल्या जाणकारांनी कडक टीका केली. ती धूसरता त्यांनी सोडली नाही, आणि आज त्यांची ओळख तीच आहे. मात्र त्यांना ती हवी होती, हे विसरू नये. स्वतःला विचारण्याचा प्रश्न एवढाच: ज्यावर बोट ठेवले गेले ते मी ठरवून केले होते का? उत्तर प्रामाणिकपणे ‘हो’ असेल, तर ते ठेवावे आणि पुढच्या वेळी अधिक ठामपणे करावे, म्हणजे ते चुकून झाल्यासारखे दिसणार नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर “माझी शैलीच तशी आहे” हे म्हणण्याचा हक्क अजून मिळालेला नाही.

दोन-तीन जणांनी एकमेकांचे न ऐकता एकाच जागेवर बोट ठेवले, तर त्या जागी काहीतरी नक्की बिघडलेले आहे असे मानावे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा घ्यायलाच हवा असे नाही. “पार्श्वभूमी अजून धूसर करा” असे तिघे म्हणत असतील, तेव्हा त्यांना खरे तर मागचा एक पांढरा चौकोन टोचत असतो, आणि आपण दोन पावले बाजूला सरकलो तरी तो चेहऱ्यामागे झाकला जातो.

वही ठेवावी आणि आठवड्याच्या आत पुन्हा काढावे

प्रतिक्रिया ऐकल्याबरोबर सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवावी, कारण संध्याकाळपर्यंत आपण ती आपल्या सोयीने बदललेली असते. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “म्हणाल्या, ‘हात कोणा दुसऱ्याचा वाटतो.’ माझा अंदाज: हात चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ होता आणि तळहात समोर, म्हणून मोठा दिसला. पुढच्या वेळी: हाताची कड कॅमेऱ्याकडे, मनगट किंचित वाकलेले. निकाल: हात लहान दिसला, पण बोटे ताठ. आता बोटे सैल करण्यावर काम.” प्रत्येक नोंदीत एवढे चारच भाग पुरतात: ऐकलेले शब्द, कारणाचा अंदाज, करायचा एक बदल आणि निकाल.

पुन्हा छायाचित्र काढताना तीच व्यक्ती, तीच जागा, तोच वेळ ठेवून फक्त तो एक बदल करावा. एकदम प्रकाश, अंतर आणि बैठक असे तिन्ही बदलले आणि छायाचित्र सुधारले, तर श्रेय कोणाला द्यायचे हे कळणार नाही. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. एक कारण बाद झाले, दुसरे तपासावे. जुने आणि नवे छायाचित्र त्याच माणसाकडे परत न्यावे, कोणते नवे हे न सांगता शेजारी ठेवावे, आणि आधी विचारलेला प्रश्न त्याच शब्दांत विचारावा. त्याने बिनचूक नव्याकडे बोट दाखवले, तर वहीतली नोंद बंद करून पुढची उघडावी. तो घुटमळला, तर त्याच खुर्चीवर आणखी एकदा.